बाटली समोर येण्याआधी

आजचा शास्त्रपाठ : दानीएल १:३-१६



खारघर, नेरूळ, बेलापूर इथल्या हॉस्टेल आणि पीजीमध्ये दरवर्षी बाहेरगावची कितीतरी मुलंमुली शिकायला येतात. आईवडील लांब, खोली नवी, मित्र नवे. दानीएलही असाच घरापासून दूर गेलेला विद्यार्थी होता. बाबेलात तीन वर्षांचं शिक्षण, खर्च सगळा राजाचा. रोज राजाच्या ताटातलं अन्न आणि राजाचाच द्राक्षारस. त्याचं नावसुद्धा बदलून टाकलं होतं.

आठवं वचन सावकाश वाचा. दानीएलाने आधी मनात ठरवलं, मग तोंड उघडलं. हा क्रम महत्त्वाचा आहे. पार्टीत ग्लास हातात आल्यावर विचार करू म्हटलं, तर विचार करायला वेळच मिळत नाही. "एक घोटाने काय होतंय रे?" एवढं एक वाक्य पुरतं.

पुढे पाहा. दानीएल भांडला नाही, कुणाला नावं ठेवली नाहीत. त्याने विनंती केली. मुख्य अधिकारी राजाला घाबरला, तेव्हा दानीएल कारभाऱ्याकडे गेला आणि दहा दिवस भाजी-पाणी देऊन पाहा म्हणाला. आणि तो एकटा नव्हता. हनन्या, मीशाएल, अजऱ्या सोबत होते. तुमच्या ग्रुपमध्येही 'नाही' म्हणणारा दुसरा एक जण आधीच शोधून ठेवा. आपला ग्लास आपणच भरा, तो सोडून जाऊ नका. घरी कसं परतायचं तेही आधी ठरवा.

खारघरच्या रहिवाशांनी आपल्या भागात दारू नको म्हणून अनेक वर्षं लढा दिला. जानेवारी २०२५ मध्ये नवी मुंबई पोलिसांची नशामुक्तीची मोहीमही सुरू झाली. महाराष्ट्रात बिअरसाठी वयाची २१ आणि कडक दारूसाठी २५ वर्षं पूर्ण लागतात. हे सगळं चांगलंच आहे. पण बंद खोलीत कुणी गांजा किंवा एमडीची पुडी पुढे केली, तर तिथे सोबत असतो तो फक्त मनातला निश्चय.

दुसराही एक निश्चय आधीच करायचा आहे. आपण घेतली नाही, पण मित्र पिऊन पडला तर? "झोपू दे, सकाळी उतरेल," असं म्हणून निघून जाऊ नका. पिणं थांबलं तरी पोटातली दारू रक्तात जातच राहते, म्हणून झोपेतही प्रकृती बिघडू शकते. कॉफी, लिंबूपाणी, थंड आंघोळ यांनी दारू उतरत नाही. त्याला कुशीवर वळवा, म्हणजे उलटी श्वासनलिकेत जाणार नाही. हलवूनही जागा होत नसेल, श्वास अडखळत असेल, ओठ निळसर पडले असतील, तर लगेच १०८ ला फोन करा आणि काय घेतलंय ते डॉक्टरांना खरं सांगा. झोपेच्या गोळ्या किंवा खोकल्याचं औषध दारूसोबत गेलं असेल, तर धोका आणखी मोठा. रेक्टर काय म्हणतील, घरी कळेल का, हे नंतर बघू. लूक १० मधला शोमरोनी माणूस जखमीला उतारशाळेत पोहोचवून लगेच निघून गेला नाही, रात्रभर थांबला.

आणि कुणी आधीच अडकला असेल, तर वाट बंद नाही. १४४४६ ही व्यसनमुक्तीची राष्ट्रीय हेल्पलाइन मोफत आहे. पुण्याचं मुक्तांगण १९८६ पासून हेच काम करतंय. मदत मागणं ही लाज नाही. दानीएलानेही मागितलीच होती.

आज करायचं : 'नाही' कसं म्हणायचं ते एक वाक्य आणि अडचणीत फोन करायचे दोन नंबर लिहून ठेवा.

प्रार्थना : हे प्रभू, मोहाची वेळ येण्याआधीच आमचं मन स्थिर कर. आम्हांला चांगले सोबती दे आणि पडलेल्याला टाकून न जाणारे सोबती आम्हांलाही बनव. येशूच्या नावाने मागतो. आमेन.