संत्रे खाण्याच्या रीती : परिसर अभ्यासाचा एक पाठ

(इयत्ता चौथी व पाचवी. तासिका दोन.)

फळांवरील पाठ प्राथमिक शाळेत दरवर्षी शिकविला जातो. फळ्यावर एक वर्तुळ काढले जाते, त्याला नारिंगी खडूने रंग दिला जातो, आणि ‘संत्रे गोल असते, संत्रे आंबटगोड असते, संत्र्यात क जीवनसत्त्व असते’ ही वाक्ये मुले एका सुरात म्हणतात. पाठ संपतो, परंतु संत्र्याची साल हाताने का निघते व मोसंबीची का निघत नाही, असे विचारले तर वर्ग गप्प राहतो. वस्तुतः मुलांना हे फळ ठाऊक नसते असे नाही. ते त्यांना खाण्याच्या अनुभवातून ठाऊक असते, आणि नेमका तोच अनुभव पाठात कोठे येत नाही. प्रस्तुत पाठात ‘तुमच्या घरी संत्रे कसे खातात?’ या एका प्रश्नापासून आरंभ करून फळाची रचना, आहारातील त्याचे स्थान आणि घराघरांतील रीतींविषयीचा आदर येथपर्यंत मुलांना कसे नेता येईल, हे दाखविले आहे.

पूर्वतयारी

साहित्य थोडेच लागते : दोन संत्री, एक मोसंबी, दोन लिंबे, एक सुरी, एक ताट, चिमूटभर मीठ व पाण्याने भरलेली बादली. विदर्भात आंबिया बहाराची संत्री सामान्यतः दिवाळीच्या सुमारास व मृग बहाराची उन्हाळ्याच्या तोंडाशी बाजारात येतात. पाठ त्या दिवसांत घेतल्यास फळ स्वस्त व चांगले मिळते.

एक गोष्ट कटाक्षाने पाळावी. ‘उद्या प्रत्येकाने एक संत्रे घेऊन यावे’ असे मुलांना सांगू नये. नागपूर जिल्ह्यातील काटोल, नरखेड किंवा अमरावती जिल्ह्यातील वरूड, मोर्शी या तालुक्यांत संत्रे दारात असेल. पण अनेक गावांत ते केवळ घरात कोणी आजारी पडले किंवा उपवास असला तरच आणले जाते. ज्याला ते आणता येणार नाही, ते मूल त्या दिवशी शाळेला येणार नाही, किंवा आले तरी पाठभर मान खाली घालून बसेल. फळांच्या पाठाने एखादे मूल वर्गापासून दुरावणार असेल, तर तो पाठ न घेतलेला बरा. साहित्य शिक्षकांनीच आणावे. सबंध वर्गाला दोन संत्री पुरतात.

पाठाचा आरंभ

आरंभीचे प्रश्नोत्तर पुढीलप्रमाणे होऊ शकेल.

शिक्षक : तुमच्या घरी संत्रे आणले, तर ते कोण सोलते?
मुलगा : आजी सोलते. मला दोन फोडी देते.
शिक्षक : दोनच का?
मुलगा : घरात आम्ही पाच जण आहोत, गुरुजी.

येथे वर्गात हशा पिकण्याचा संभव असतो. शिक्षकांनी हसणाऱ्यांवर रागावू नये; उत्तरालाच प्रतिष्ठा द्यावी.

शिक्षक : संत्र्यात दहा फोडी निघाल्या आणि खाणारी माणसे पाच. आजीने वाटणी बरोबर केली की नाही? आणि फोडी अकरा निघाल्या, तर अकरावी कोणाला द्यावी?
मुलगी : आमच्या घरी संत्रे आणत नाहीत.
शिक्षक : बरे. लिंबू असते का?
मुलगी : असते. आई वरणावर पिळते.
शिक्षक : लिंबू संत्र्याच्याच कुळातले. पुढे ये. मी लिंबू आडवे कापतो. आत काय दिसते ते सर्वांच्या आधी तू पाहा आणि वर्गाला सांग.

आडव्या कापलेल्या लिंबात गाडीच्या चाकासारखी आकृती दिसते. ज्या मुलीला सांगण्यासारखे काही नव्हते, तीच वर्गाला पहिली माहिती देते. यानंतर हेतुकथन करावे : ‘आज आपण संत्रे व त्याचे भाऊबंद लोक किती रीतींनी खातात आणि तसे का खातात, हे पाहू.’

विषयविवेचन

मुलांनी सांगितलेली प्रत्येक रीत फळ्यावर लिहावी. प्रत्येक रीत फळाचा एकेक भाग उघड करते, हे सूत्र शिक्षकांनी मनात ठेवले म्हणजे पाठाला आपोआप क्रम येतो.

१. हाताने सोलून फोड खाणे. ही सर्वांत प्रचलित रीत. देठाकडे अंगठा घातला की संत्र्याची साल सहज सुटते, कारण ती आतल्या फोडींना सैलसर लागलेली असते. मोसंबीची साल मात्र पांढऱ्या थराने गराला घट्ट बिलगलेली असते. तिला सुरी लागते. दोन्ही फळे मुलांच्या हाती देऊन हा फरक त्यांच्याकडूनच काढून घ्यावा. मग सबंध संत्रे बादलीतील पाण्यात टाकावे, ते तरंगते. सोललेल्या दुसऱ्या संत्र्याची सुटी फोड टाकावी. ती बहुधा तळाशी जाते. सालीत व सालीखालच्या पोकळीत हवा असते, हा निष्कर्ष मुले स्वतः काढतील.

२. दोरे काढून, फोड सोलून केवळ गर खाणे. लहान बाळाला किंवा दात नसलेल्या वृद्धाला असा गर भरवितात. फोडीचे पातळ आवरण काढले की आत रसाने भरलेल्या बारीक, लांबट पिशव्या दिसतात. फोडीच्या आतील भिंतीवर केसांसारखी जी वाढ होते, तिच्यात रस भरून या पिशव्या बनतात. पांढरे दोरे म्हणजे झाडाकडून फळाला पाणी व अन्न पोहोचविणाऱ्या वाहिन्या होत. ते खाल्ल्याने अपाय होत नाही. उलट दोरे व आवरण यांतील चोथा पोट साफ राहण्यास उपयोगी पडतो. ज्यांचे दात व पोट चांगले आहे, त्यांनी फोड आवरणासह चावून खावी.

३. रस चोखून चोथा टाकणे. अनेक मुलांची ही आवडती रीत. तिची निंदा करू नये. टाकलेल्या चोथ्यात काय गेले एवढेच विचारावे, आणि चोथा कोठेही थुंकू नये, खताच्या खड्ड्यात टाकावा, हे सांगावे.

४. मीठ, काळे मीठ किंवा तिखट लावून खाणे. मोसंबीच्या चकत्यांवर मीठ भुरभुरून त्या पुष्कळ ठिकाणी खातात. यामागे केवळ हौस नाही. मिठामुळे जिभेला कडवटपणा कमी जाणवतो. एकाच फोडीचे दोन तुकडे करून, एकाला कणभर मीठ लावून, एका मुलाला डोळे मिटून चव सांगण्यास बोलवावे. साखरेने आंबटपणा कमी भासतो. म्हणूनच सरबतात साखर व मीठ दोन्ही घालतात.

५. रस काढून पिणे. एका पेल्यासाठी तीनचार संत्री लागतात, आणि चोथा बहुतेक गाळला जातो. म्हणून धडधाकट मुलाला रसापेक्षा फळ हितकर. रस आजाऱ्यासाठी ठीक. काढलेला रस काही वेळ ठेवला तर कडसर होतो, हा अनुभव गृहिणींना आहे. फळातील एक द्रव्य रस निघाल्यानंतर हळूहळू कडू रूप घेते, हे त्याचे कारण. रस काढताच प्यावा. रस्त्यावरच्या उघड्या रसातील बर्फ व पाणी कोठले असते, याचीही चर्चा करावी.

६. टिकवून व शिजवून खाणे. लिंबाची साल कडू व तिखट, तरीही लोणच्यात लिंबू सालीसकट खातात. मिठात व आंबटात मुरल्यावर साल मऊ पडते. नागपूरकडे खव्यात संत्र्याचा गर घालून बर्फी करतात. इंग्लंडमध्ये स्पेनमधील सेव्हिल येथील कडवट संत्र्यांचा, सालीचे तुकडे घालून, मार्मलेड नावाचा पाक करतात. चीनमध्ये संत्र्याची साल वाळवून स्वयंपाकात व औषधात वापरतात. आपल्याकडे वाळलेल्या सालीची पूड दिवाळीच्या उटण्यात पडते. जो भाग एक घर फेकून देते, तोच दुसरे घर जपून ठेवते.

७. कोकणातील पपनस. हे याच कुळातील मोठे फळ. गणेशोत्सवात गणपतीवरील माटवीला ते टांगलेले दिसते. त्याची साल अतिशय जाड असते व फोडीचे आवरण कडू असते. म्हणून आवरणासह फोड खाण्याची नागपूरची रीत येथे चालत नाही. आवरण काढून नुसता गर खावा लागतो. खाण्याची रीत फळाच्या घडणीवर अवलंबून असते, हे या उदाहरणावरून स्पष्ट होते.

आरोग्याचा भाग

येथे एक ऐतिहासिक हकीकत सांगावी. पूर्वी लांबच्या सागरी प्रवासात खलाशांच्या हिरड्यांतून रक्त येई, दात हलत आणि पुष्कळ जण मरण पावत. १७४७ साली जेम्स लिंड या इंग्रजी आरमारातील वैद्याने ‘सॅलिस्बरी’ जहाजावरील बारा रोग्यांच्या दोनदोनच्या जोड्या करून प्रत्येक जोडीस निरनिराळा उपचार दिला. ज्या दोघांना रोज दोन संत्री व एक लिंबू मिळाले, तेच सर्वांत लवकर सुधारले. १७९५ पासून त्या आरमारात लिंबाचा रस नियमितपणे देण्यात येऊ लागला. गुणकारी द्रव्य कोणते हे मात्र विसाव्या शतकात कळले. तेच क जीवनसत्त्व.

ही हकीकत सांगून थांबू नये. अन्यथा ज्यांच्या घरी संत्रे येत नाही त्या मुलांना आपले आरोग्य पैशांवाचून अडले, असे वाटेल. तसे नाही. आवळ्यात व पेरूत क जीवनसत्त्व संत्र्यापेक्षा कितीतरी अधिक असते. लिंबू तर बहुतेक गावांत मिळते. पालेभाजी किंवा मटकीची उसळ यांवर लिंबू पिळल्यास त्यांतील लोह शरीरात अधिक शोषले जाते. उष्णतेने हे जीवनसत्त्व नाश पावते, म्हणून लिंबू शिजताना न घालता ताटात पिळावे. मुलीने आरंभी सांगितलेली ‘आई वरणावर पिळते’ ही रीत येथे पुन्हा आठवावी. ती शास्त्राला धरून आहे असे वर्गाला सांगावे. जे आंबट ते सर्व क जीवनसत्त्वयुक्त, हा गैरसमजही दूर करावा; चिंच आंबट असून तीत ते फारच थोडे असते.

‘बी गिळली तर पोटात झाड उगवते’ ही भीती पुष्कळ मुलांना असते. पोटात बी रुजत नाही, हे सांगून वर्गातील बिया लगेच एका डब्यात पेराव्यात. काही आठवड्यांनी कोंब येतील. कधी एकाच बीतून दोन किंवा तीन कोंब निघालेले दिसतील. हा या कुळाचा एक विशेष आहे.

दक्षता

सालीतील सुगंधी तेलाचे तुषार मुले एकमेकांच्या डोळ्यांत उडवितात. त्याने डोळ्यांची आग होते. तसे करू देऊ नये. सुरी शिक्षकांच्याच हाती असावी. फळ हात धुऊन खावे व नंतर चूळ भरावी.

इतर विषयांशी सांगड

गणितात फोडींवरून अपूर्णांक घ्यावेत : दहा फोडींपैकी दोन म्हणजे एकपंचमांश. भाषेत सोलणे, पिळणे, चोखणे, चावणे, गाळणे या क्रियापदांतील अर्थभेद वाक्यांत योजून दाखवावा. घरच्या बोलीतील शब्दही फळ्यावर प्रमाण शब्दाशेजारी लिहावेत, खोडू नयेत. शब्दांचा प्रवासही सांगता येईल : संस्कृत ‘नारंग’ हा शब्द फारसी व अरबी भाषांतून युरोपात गेला आणि इंग्रजीत ‘ऑरेंज’ झाला. भूगोलात नकाशावर विदर्भातील संत्र्याचा, जालन्याचा मोसंबीचा व कोकणातील पपनसाचा प्रदेश दाखवावा. नागपुरी संत्र्याला २०१४ साली भौगोलिक मानांकन मिळाले, हेही सांगावे.

उपयोजन व मूल्यमापन

गृहपाठास ‘आमच्या घरी संत्रे, मोसंबी किंवा लिंबू कसे खातात’ यावर पाच वाक्ये लिहून आणण्यास सांगावे. तिन्हींपैकी कोणतेही फळ निवडण्याची मोकळीक असावी. घरातील वडीलधाऱ्या माणसास एक प्रश्न विचारून त्याचे उत्तर त्यात घालावे. दुसऱ्या तासिकेत पुढील प्रश्न विचारावेत :

(१) मोसंबीला सुरी का लागते?
(२) फोडीच्या पांढऱ्या दोऱ्यांचे काम काय?
(३) रस व फळ यांपैकी तुम्ही काय निवडाल व का?
(४) संत्रे महाग असताना क जीवनसत्त्व कशातून मिळवाल?
(५) तुमच्या घरच्या रीतीहून वेगळी अशी कोणती रीत आज कळली, आणि ते लोक तसे का खातात?

पाचव्या प्रश्नास विशेष महत्त्व द्यावे. दुसऱ्याची रीत ‘विचित्र’ आहे असे उत्तर आल्यास पाठ अपुरा राहिला असे समजावे; तिचे कारण मुलाने सांगितले तर पाठ साधला. कोणत्या मुलाने काय सांगितले, याची नोंद शिक्षकांनी पाठ टाचणाच्या वहीत करून ठेवावी. पुढील वर्षी त्याच गावात हा पाठ घेताना ती नोंद उपयोगी पडेल.