मैलापाणी, सूक्ष्मजीव आणि माणसाची प्रतिष्ठा

‘भगवान बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथात बाबासाहेबांनी राजगृहातील सुनीताची कथा सांगितली आहे. नगरातील घाण उचलणे हे त्याच्या वाट्याला वंशपरंपरेने आलेले काम. तथागत समोरून येताना दिसताच तो संकोचून भिंतीला चिकटून, हात जोडून उभा राहिला. तथागतांनी त्याला संघात घेतले. सुनीत मुक्त झाला. पण नगराची घाण कोणी काढायची, हा प्रश्न मागे उरलाच. विज्ञानाने त्याचे काय उत्तर दिले आहे, आणि ते अजून कोठे अपुरे आहे, ते आम्ही येथे मांडत आहोत.

पाण्याच्या जुन्या टाकीच्या भिंतीवरून बोट फिरवले की बुळबुळीत थर हाताला लागतो. सकाळी दातांवर जाणवणारा थरही त्याच जातीचा. यास जैवपटल म्हणतात. जीवाणू एखाद्या पृष्ठभागाला चिकटतात, शर्करा व प्रथिने यांचा चिकट पदार्थ स्रवतात आणि त्याच्या आश्रयाने वस्ती करतात. एकटा जीवाणू प्रवाहात वाहून जातो. वस्तीतला टिकतो आणि पाण्यातील घाण हेच आपले अन्न करतो.

1914 मध्ये मँचेस्टर येथे आर्डर्न आणि लॉकेट यांनी मैलापाण्यात हवा सोडली, तळाशी बसलेला गाळ फेकून न देता पुन्हा वापरला आणि शुद्धीकरण झपाट्याने होते हे दाखवले. ही ‘सक्रिय गाळ’ पद्धत आज जगभर रूढ आहे. मात्र तिच्यातील जीवाणूंचे पुंजके कापसासारखे भुसभुशीत असतात. ते सावकाश खाली बसतात, म्हणून मोठ्या टाक्या लागतात. हवा पुरवण्यासाठी विजेचा खर्चही मोठा येतो.

1970 च्या दशकात नेदरलँड्समधील वाखेनिंगेन येथे खात्झे लेटिंगा यांनी वेगळी वाट धरली. प्राणवायूविना चालणाऱ्या टाकीत त्यांनी सांडपाणी तळातून वर चढवले. हलके पुंजके पाण्याबरोबर निघून गेले, जड ते राहिले आणि कालांतराने त्यांचे घट्ट दाणे बनले. हे दाणे साधारणतः एक-दोन मिलिमीटरचे असतात. दाणा म्हणजे आधाराविना गोल झालेले जैवपटलच. त्यातील काही जीवाणू घाणीचे आम्लांत रूपांतर करतात, तर काही सूक्ष्मजीव त्या आम्लांपासून इंधन म्हणून उपयोगी पडणारा मिथेन वायू तयार करतात. एकाचे उच्छिष्ट हे दुसऱ्याचे अन्न. एक थांबला तर दुसराही थांबतो. गंगा कृती योजनेत 1989 मध्ये कानपूरच्या जाजमऊ येथे दररोज 50 लाख लिटर क्षमतेचे असे केंद्र सुरू झाले आणि पुढे ही पद्धत भारतात अनेक ठिकाणी पोहोचली.

त्यानंतर डेल्फ्ट येथे मार्क फान लोसड्रेख्त व सहकाऱ्यांनी हवेत वाढणारे दाणे विकसित केले. अशा दाण्याच्या बाहेरच्या थरात अमोनियाचे नायट्रेट होते. आत प्राणवायू पोहोचत नाही, तेथे नायट्रेटचा निरुपद्रवी नत्रवायू होतो. जे काम पूर्वी वेगवेगळ्या टाक्यांत चाले, ते एका दाण्यात होते. दाणे काही मिनिटांत तळाशी बसतात, त्यामुळे जागा व वीज दोन्ही वाचतात.

येथवरची कथा आनंदाची आहे. परंतु शुद्धीकरण केंद्र नळाच्या शेवटी असते आणि माणूस मरतो तो नळाच्या मध्ये. भुयारी गटाराच्या भिंतीवरही जैवपटल असते. प्राणवायू नसलेल्या त्या अंधारात त्यातील काही जीवाणू सल्फेटपासून हायड्रोजन सल्फाइड हा विषारी वायू निर्माण करतात. गाळ ढवळला की तो एकदम मोकळा होतो. त्याला सडक्या अंड्याचा वास येतो, पण प्रमाण वाढले की वासाची जाणीवच नष्ट होते; म्हणून वास येत नाही याचा अर्थ धोका नाही, असे मानू नये. आत पडलेल्याला वाचवण्यासाठी उतरणाराही अनेकदा परत येत नाही.

हाताने मैला उचलण्याची प्रथा आणि सुरक्षा साधनांविना गटार वा सेप्टिक टँकमध्ये माणूस उतरवणे 2013 च्या कायद्याने निषिद्ध आहे. अशा मृत्यूची भरपाई सर्वोच्च न्यायालयाने 2014 मध्ये 10 लाख आणि 20 ऑक्टोबर 2023 रोजी 30 लाख रुपये ठरवली. भरपाई हक्काची आहे, पण ती गेलेल्या माणसाला परत आणत नाही.

म्हणून पालकांना आमची विनंती आहे: घरची टाकी उपसायची असेल तर यंत्राचा टँकरच बोलवा, कितीही निकड असो, कोणालाही आत उतरू देऊ नका. आमच्या माजी विद्यार्थ्यांपैकी जे नगरपालिकेत, बांधकामात वा अभियांत्रिकीत आहेत, त्यांनी केंद्राच्या आराखड्याबरोबर गटार साफ करणाऱ्या यंत्राचाही हिशेब मागावा. घाण खाण्याचे काम सूक्ष्मजीव आनंदाने करतात. ते माणसावर लादण्याचे कारण आता एकही उरलेले नाही.