लगेच गुण येतो तेव्हा

गुडघेदुखीवर दोन-तीन दिवसांत उतारा देणाऱ्या पुडीची मला धास्ती वाटते. औषध लागू पडलं नाही तर माणूस ते सोडून देतो. लागू पडलं की मात्र कुणाचं ऐकत नाही.

माझ्या थोरल्या जाऊबाईंचे गुडघे साठीतच कुरकुरायला लागले होते. कुणीतरी एका वैद्याचा पत्ता दिला. बाहेर फलक वैद्याचा होता. पदवी कुणी विचारली नाही. कागदाच्या पुड्या, वर ना नाव ना तारीख, सकाळ-संध्याकाळ कोमट पाण्यातून घ्यायच्या. आठवड्याच्या आत बाई कठड्याला हात न लावता जिना चढू लागल्या. कार्तिकीला दिंडीबरोबर पायी पंढरपूरला जाऊन आल्या. भूक वाढली, चेहरा भरला. पांडुरंगानं तब्येत सुधारली, असं सगळे म्हणू लागले. पुढं दंडाला जरा कुठं लागलं की काळंनिळं पडायला लागलं, तहान भागेना. साखर तपासली तर भलतीच वाढलेली. मिरजेच्या डॉक्टरांनी तो गोल झालेला चेहरा बघूनच विचारलं, "आजी, आणखी कसलं औषध घेताय?"

"औषध कुठलं, जडीबुटी आहे ती," जाऊबाई म्हणाल्या.

डॉक्टरांचा संशय पुडीत मिसळलेल्या स्टेरॉईडवर होता. स्टेरॉईडनं सांध्याची सूज झपाट्यानं दबते, म्हणून दुखणं पळाल्यासारखं वाटतं. झिजलेली कूर्चा त्यानं तसूभरही वाढत नाही. उलट महिनोन् महिने पोटात जात राहिलं तर हाडं ठिसूळ होतात, साखर आणि रक्तदाब चढतो आणि शरीर स्वतःचं स्टेरॉईड तयार करणं कमी करतं. यात आयुर्वेदाला दोष द्यायचं कारण नाही. पुडीवर नाव नाही, घटक नाहीत, बनवणाऱ्याचा पत्ता नाही, तर ती कुठल्याच शास्त्राची नव्हे.

माझं दुखणं वेगळ्याच वाटेनं वाढलं. हायस्कुलात विज्ञान शिकवण्यात जन्म गेला, म्हणजे फळ्यापुढं उभं राहण्यात. निवृत्तीनंतर उजवा गुडघा धरला. येईल तो सांगे, "बाई, आता पायाला आराम द्या." सुनेनं बाजारहाट हातात घेतला, मुलगा गाडीवरून सोडू लागला. सगळं मायेपोटीच. पण काही महिन्यांत उजवी मांडी डावीपेक्षा नजरेला बारीक दिसू लागली आणि जिना उतरताना गुडघा मध्येच सुटायचा. कूर्चेत रक्तवाहिन्या नसतात. सांध्यातल्या द्रवातूनच तिला पोषण मिळतं, आणि पाय हलला, वजन पडलं-सुटलं की स्पंजासारखा तो द्रव आत-बाहेर होतो. शिवाय चालताना बसणारा हिसका आधी मांडीचा पुढचा स्नायू झेलतो. तोच वाळला की सगळा भार हाडांवर.

हे मला एका तरुण फिजिओथेरपिस्ट मुलीनं सांगितलं आणि कामाला लावलं. गुडघ्याखाली टॉवेलची गुंडाळी ठेवून ती खाली दाबायची, पाच-सहा सेकंद धरायची, सोडायची. उताणं झोपून पाय सरळ ताठ ठेवून वीतभर उचलायचा. आणि सगळ्यात उपयोगी, खुर्चीवरून हात न टेकता उठायचं, सावकाश बसायचं. सुरुवातीला खुर्चीवर उशी ठेवून उंची वाढवली तरी चालते. व्यायाम करताना थोडं दुखलं तर थांबू नये. दुसऱ्या दिवशीही ते वाढलेलं राहिलं, तर आवर्तनं कमी करावीत. फरक कळायला दीड-दोन महिने लागतात, आणि लोक नेमके पंधरा दिवसांत कंटाळतात. गुडघा नुसता कटकट वाजतो, दुखत नाही, सुजत नाही, तर त्या आवाजाची काळजी करू नका.

काठी घ्यायची लाज वाटू देऊ नये. मात्र ती दुखऱ्या गुडघ्याच्या विरुद्ध हातात धरायची. नाटक-सिनेमातले म्हातारे बहुतेक चुकीच्या हातात धरतात.

वजनाचं बोलणं कुणालाच आवडत नाही, मलाही नाही. पण 2005 साली अमेरिकेत गुडघे झिजलेल्या जाड माणसांवर झालेल्या अभ्यासात दिसलं, की अंगावरचं एक किलो उतरलं तर प्रत्येक पावलागणिक गुडघ्यावरचा भार चार किलोंनी उतरतो. दिवसाची पावलं मोजा. रात्रीचा भात आणि दुपारच्या चहाबरोबरची खारी कमी करणं मला कुठल्याही तेलापेक्षा स्वस्त पडलं. बाकी बदल साधे: कमोड, विळी सोडून ओट्यावर सुरी, जमिनीवर उकिडवं बसणं बंद. मांडी घालून जेवण्याचा हट्ट मंगलकार्यापुरताही धरत नाही.

दुखऱ्या दिवसांसाठी वरून लावायचं मलम आधी वापरून बघावं. पेनकिलरची गोळी स्वतःच्या मनानं रोज घेऊ नये. पोट, मूत्रपिंड आणि रक्तदाब तिघांनाही ती भोवू शकते. अन्नसाखळी शिकवताना मी गिधाडांचं उदाहरण द्यायचे. जनावरांना टोचलेलं डायक्लोफेनॅक नावाचं असंच पेनकिलर मेलेल्या गुरांच्या मांसातून गिधाडांच्या पोटात गेलं, मूत्रपिंडं निकामी झाली आणि थवेच्या थवे नाहीसे झाले. 2006 साली आपल्याकडं जनावरांसाठी ते बंद करावं लागलं. माणूस गिधाडाइतका नाजूक नाही. तरी मधुमेह, रक्तदाब किंवा मूत्रपिंडाचा त्रास असणाऱ्यानं ही गोष्ट लक्षात ठेवावी.

एक्स-रे उभं राहून काढून घ्या. झोपून काढला तर सांध्यातली खरी फट कळत नाही. पण फिल्म बघून घाबरूही नका. फार झिजलेले गुडघे घेऊन आरामात चालणारी माणसं आहेत, आणि थोड्याशा झिजेनं रडकुंडीला आलेलीही. झिजेच्या दुखण्यावर दुर्बिणीतून गुडघा "साफ" करून घ्या, असं कुणी म्हटलं तर दुसऱ्या डॉक्टरांचं मत घ्याच. ह्यूस्टनमध्ये काही रुग्णांना नुसत्याच चिरा देऊन खोटी शस्त्रक्रिया केली होती. 2002 साली निष्कर्ष छापले गेले, तेव्हा खरी शस्त्रक्रिया झालेल्यांना त्यांच्याहून जास्त आराम पडलेला नव्हता.

सांधा बदलण्याची गोष्ट वेगळी. ती चांगली शस्त्रक्रिया आहे. अटलबिहारी वाजपेयी पंतप्रधान असताना 2000 आणि 2001 साली मुंबईत त्यांचे दोन्ही गुडघे बदलले, तेव्हापासून तिची भीती घराघरांतून कमी झाली. 2017 पासून कृत्रिम सांध्याच्या किमतीवर सरकारी मर्यादाही आहे. रात्रीची झोप मोडते, घरातल्या घरात चालवत नाही, व्यायाम-वजन-औषधं मनापासून करून झाली, अशा वेळी ती करावी. शिबिरात फुकट एक्स-रे काढून त्याच आठवड्याची तारीख देतात, तिथं सही करू नये. आणि शस्त्रक्रिया ठरली तरी मांडीचे व्यायाम चुकत नाहीत; आधीही करायचे, नंतरही.

गुडघा लाल, गरम झाला, ताप आला, तर त्याच दिवशी दवाखाना गाठा. सकाळचा ताठरपणा तासाहून जास्त राहतो, हाताची बोटंही सुजतात, तर ती नुसती झीज नव्हे. संधिवाताच्या तज्ज्ञांना दाखवा.

आणि तुमच्या घरात तशी बिननावाची पुडी असेल, तर हे वाचून ती आज एकदम बंद करू नका. त्यात स्टेरॉईड असेल तर अचानक तोडल्यानं उलट्या होतात, रक्तदाब कोसळतो, जिवावर बेतू शकतं. जाऊबाईंचा डोस डॉक्टरांनी महिनोन् महिने उतरवत नेला. उरलेल्या पुड्या कागदासकट पिशवीत घाला आणि उद्याच्या उद्या डॉक्टरांच्या टेबलावर ठेवा.