टॉलेमीचं किती मानायचं

कोल्हापूर

चि. अनघास,


तुझं प्रकरण वाचलं. टॉलेमीचं हिप्पोकुरा हे आपलं कोल्हापूरच, असं तू ठामपणे लिहिलं आहेस. आपल्या गावाचा मान मलाही हवाच आहे, पण एवढा ठामपणा तुझ्या पुराव्याला पेलत नाही.

टॉलेमीने इ. स. १५०च्या सुमारास अलेक्झांड्रियात बसून आपला भूगोल लिहिला. हिप्पोकुरा ही बालेओकुरोसची राजधानी, असं तो म्हणतो. आता कोल्हापुरात सापडलेली शिशाची नाणी हातात घे. एका बाजूला धनुष्यबाण, भोवती ब्राह्मी अक्षरांत विळिवायकुराचं नाव. हाच बालेओकुरोस, असं रामकृष्ण भांडारकरांनी सुचवलं आणि मला ते पटतं. घाटावरच्या राजाचं नाव समुद्रापार इतकं नीट पोचलं, याचं मला आजही अप्रूप वाटतं. पण राजा ओळखला म्हणजे त्याची राजधानी सापडली, असं होत नाही. टॉलेमीच्या आकड्यांवरून नकाशा काढून बघ. दख्खनचं द्वीपकल्प जवळजवळ उरतच नाही, किनारा पूर्वेकडे धावत सुटतो. त्यात कोल्हापूर कुठे शोधणार?

म्हणून प्रत्येक वाक्याला एकच विचार: हे तुला कुणी सांगितलं? चौल, म्हणजे त्याचं सिमुल्ला, त्याच्या आधीच्या भूगोलकार मारिनोसने सिंधूच्या पश्चिमेला टाकलं होतं. तिथे राहून आलेल्यांच्या आणि तिथून आलेल्यांच्या सांगण्यावरून टॉलेमीने ते दुरुस्त केलं. असा माणूस थापाड्या नव्हे. ग्रीक वकील मेगॅस्थनीसचंही तसंच: त्याने भारतातली बिनतोंडाची माणसं लिहिली, स्ट्रॅबोने त्याला खोटारडा ठरवलं. पण त्याने सांगितलेल्या पाटलीपुत्राच्या लाकडी तटाचे अवशेष पाटण्याच्या मातीत निघालेच. माणूस एकच, पण ऐकीव आणि पाहिलेलं वेगळं.

टाउन हॉल संग्रहालयातला ब्रह्मपुरीचा काशाचा पोसायडन तू पुरावा म्हणून दिला आहेस. भूमध्य समुद्राकडचा माल घाट चढून इथवर येत होता, एवढं तो नक्की सांगतो. या गावाला तेव्हा काय म्हणत, हे तो सांगत नाही. त्याला त्या वाक्यातून काढ आणि व्यापाराच्या परिच्छेदात ने, तिथे तो शोभेल.

पुढच्या प्रकरणात पेरिप्लस हा ग्रीक प्रवासग्रंथ येईल. त्याचा लेखक किनाऱ्याची बंदरं जाणत होता, पैठण आणि तेर मात्र आतल्या वाटेवरची, म्हणजे बहुधा ऐकीव. तेर पैठणच्या पूर्वेला दहा दिवसांवर, असं तो म्हणतो. आधी नकाशावर दिशा तपास, मग लिही. कच्चा खर्डा असला तरी पाठव.

तुझा,
मामा