बालवयातील लठ्ठपणा : प्रतिबंधाचा हिशेब

अन्नातून मिळणारी ऊर्जा आणि शरीराने खर्च केलेली ऊर्जा यांचा मेळ दीर्घकाळ बसला नाही, म्हणजे उरलेली ऊर्जा मेदाच्या रूपाने साठत जाते. वाढत्या वयात थोडा साठा आवश्यकच असतो. परंतु तो प्रमाणाबाहेर गेला, की त्यास लठ्ठपणा म्हणतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या माहितीनुसार ५ ते १९ वर्षे वयाच्या मुलामुलींत लठ्ठपणाचे प्रमाण १९९० साली सुमारे २ टक्के होते. २०२२ साली ते ८ टक्क्यांवर गेले. अशा मुलांची संख्या जगात सुमारे १६ कोटी भरली.

बालपणीचा लठ्ठपणा पुष्कळदा प्रौढपणीही टिकून राहतो. मधुमेह, रक्तदाब व हृदयविकार यांना तो साहाय्यभूत होतो. आणि हे विकार बहुधा मध्यम वयात प्रकट होतात. म्हणजे प्रतिबंधाचा खर्च आज करावयाचा आणि त्याचे फळ तीस वर्षांनी पदरात पडावयाचे! असा खर्च किफायतशीर आहे की नाही, हे कसे ठरवावे?

या प्रश्नाचे उत्तर शोधण्यास अमेरिकेतील एक प्रयोग उपयोगी पडतो. हार्वर्ड विद्यापीठाच्या संशोधकांनी १९९५ ते १९९७ या काळात मॅसॅच्युसेट्स राज्यातील १० शाळांत ‘प्लॅनेट हेल्थ’ नावाचा उपक्रम तपासला. पाच शाळांत तो राबविला. उरलेल्या पाच तुलनेसाठी ठेवल्या. उद्दिष्टे चारच होती : दूरचित्रवाणी दिवसाला दोन तासांहून कमी पाहणे, शारीरिक हालचाल वाढविणे, स्निग्ध पदार्थ कमी करणे आणि फळे व भाज्या अधिक खाणे. त्यांसाठी निराळा विषय किंवा निराळा शिक्षक नेमला नाही. भाषा, गणित, विज्ञान, समाजशास्त्र व व्यायाम यांच्या नित्य तासांतच हे धडे गुंफले. त्यामुळे प्रत्येक विद्यार्थ्यामागे वर्षाला अवघा १४ डॉलर खर्च आला.

दोन वर्षांनंतर, तुलनेच्या शाळांच्या मानाने मुलींमधील लठ्ठपणा घटलेला आढळला. मुलांमध्ये मात्र तसा फरक दिसला नाही. दूरचित्रवाणी पाहण्याचा वेळ तेवढा दोहोंतही कमी झाला.

२००३ साली या प्रयोगाचा आर्थिक हिशेब प्रसिद्ध झाला. ३१० मुलींपैकी सुमारे ६ मुली प्रौढपणीच्या अतिरिक्त वजनापासून वाचतील, असा अंदाज त्यात होता. सहा ही संख्या अल्प वाटते. तथापि उपक्रमाचा एकूण खर्च ३३,६७७ डॉलर होता. आणि त्या सहाजणींच्या ४० ते ६५ या वयातील औषधोपचाराचे १५,८८७ डॉलर, तसेच आजारपणामुळे बुडणाऱ्या कामाचे २५,१०४ डॉलर वाचतील, असे गणिताने दिसले. भविष्यातील पैशाचे मोल आजच्याहून कमी धरूनही ही बेरीज खर्चापेक्षा ७,००० डॉलरांहून अधिक भरते. निरोगी आयुष्याचा लाभ याहून वेगळाच. अर्थात हे अनुमान आहे. सवयींचा परिणाम टिकला, तरच ते खरे ठरेल.

भारतातही या दिशेने पाऊल पडले आहे. भारतीय अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाने २०२० साली केलेल्या नियमांनुसार, अतिरिक्त स्निग्धांश, मीठ किंवा साखर असलेले पदार्थ शाळेत व शाळेच्या आवारापासून ५० मीटरांच्या आत विकण्यास मनाई आहे. परंतु मनाईने केवळ मोह दूर होतो. आवड घडविण्याचे कार्य शिक्षणालाच करावे लागते. ते करताना कोणत्याही मुलाच्या देहयष्टीचा उपहास होता कामा नये. एकाच वर्गात कुपोषित आणि स्थूल अशी दोन्ही मुले असू शकतात. समतोल आहार व मोकळे मैदान यांची गरज दोघांनाही सारखीच आहे.