हबसाण, हबशी आणि निग्रो : मराठी चर्चाविश्वातील एक अनुल्लेख

साठोत्तरी मराठी वाङ्मयविचारात वंशभेदाची चर्चा प्रामुख्याने अमेरिकेच्या संदर्भात झाली. निग्रो साहित्य आणि दलित साहित्य यांचे नाते हा त्या चर्चेचा मध्यवर्ती विषय होता. तिचे महत्त्व निर्विवाद आहे. तथापि आफ्रिकी वंशाच्या माणसांशी मराठी भाषकांचा संबंध प्रथम अमेरिकेच्या वाटेने आलेला नाही. कोकणच्या किनाऱ्यावर आणि दख्खनच्या पठारावर तो कित्येक शतके आधीच आला होता. हा संबंध चर्चेच्या कक्षेबाहेर का राहिला, आणि तो कक्षेत घेतल्यास चर्चेचे स्वरूप कसे बदलते, याचा विचार मुरुड-जंजिऱ्याच्या संदर्भात येथे करावयाचा आहे.

चर्चेची परंपरा

या परंपरेचा आरंभ महात्मा फुले यांच्यापासून मानावा लागतो. १८७३ साली प्रसिद्ध झालेला ‘गुलामगिरी’ हा ग्रंथ त्यांनी दास्यमुक्तीचे कार्य करणाऱ्या अमेरिकेतील लोकांना अर्पण केला. १९४६ मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी डब्ल्यू. ई. बी. डुबॉइस यांना पत्र लिहून, अमेरिकेतील निग्रोंनी संयुक्त राष्ट्रांकडे केलेल्या अर्जाविषयी जिज्ञासा व्यक्त केली. अस्पृश्यांचा प्रश्न आणि निग्रोंचा प्रश्न यांतील साम्य त्यांना जाणवत होते.

या वैयक्तिक जिज्ञासेला सामूहिक चर्चेचे रूप मिळाले ते औरंगाबादेत. १९५० साली स्थापन झालेल्या तेथील मिलिंद महाविद्यालयाच्या परिसरात, अमेरिकेत उच्च शिक्षण घेऊन परतलेल्या डॉ. म. ना. वानखेडे यांनी निग्रो साहित्याकडे नव्या लेखकांचे लक्ष वेधले. १९६९ च्या ‘मराठवाडा’ दिवाळी अंकात दलित साहित्यावर चर्चा झाली. डॉ. गंगाधर पानतावणे यांच्या ‘अस्मितादर्श’ने अंकांतून आणि लेखक-वाचक मेळाव्यांतून हा संवाद पुढे चालू ठेवला. १९७२ साली मुंबईत स्थापन झालेल्या दलित पँथरने आपले नावच अमेरिकेतील ब्लॅक पँथरवरून घेतले. डॉ. जनार्दन वाघमारे यांच्या ‘अमेरिकन निग्रो : साहित्य आणि संस्कृती’ या ग्रंथाने या चर्चेला अभ्यासाचे अधिष्ठान दिले. ‘निग्रो’ ही त्या काळातील रूढ संज्ञा होती. आज तिच्या जागी ‘कृष्णवर्णीय’ हा शब्द योजला जातो.

ज्या नगरात हा संवाद रुजला, त्या नगराचा इतिहास मात्र संवादात आला नाही. औरंगाबाद, म्हणजे आजचे छत्रपती संभाजीनगर, हे मूळचे खडकी. १६१० च्या सुमारास ते वसविणारा मलिक अंबर हा अबिसिनियात जन्मलेला, गुलाम म्हणून विकला गेलेला आणि पुढे निजामशाहीचा कर्ताधर्ता झालेला हबशी होता. अमेरिकेतील गुलामीचे मराठीत वाचन करणारी पिढी एका हबशी गुलामाने वसविलेल्या शहरात बसली होती.

हबसाण

मुरुडच्या बाबतीत तर ही विस्मृती अधिक ठळक आहे. राजपुरीच्या खाडीच्या मुखाशी असलेल्या जंजिऱ्यावर सतराव्या शतकापासून सिद्दींची सत्ता होती. १९४८ साली संस्थान विलीन होईपर्यंत ती टिकली. ‘जंजिरा’ हा शब्द अरबी ‘जझीरा’ (बेट) यापासून आला. ‘हबशी’ म्हणजे हबशाचा, अर्थात अबिसिनियाचा रहिवासी. जंजिऱ्याच्या मुलखाला मराठीत ‘हबसाण’ असे नाव होते. एका मानववंशाच्या नावावरून मराठी मुलखाच्या एका भागाला नाव पडावे, ही घटना भाषाभ्यासकाने दुर्लक्षावी अशी नाही. खोकरी येथील सिद्दींचे घुमट आजही या इतिहासाची साक्ष देत उभे आहेत. बोलीत मात्र ‘हबशी’ हा शब्द काळ्या वर्णाच्या माणसाला हिणविण्यासाठी उरला. प्रदेशवाचक शब्दाचे हे निंदाव्यंजक शब्दात झालेले रूपांतर हाच मराठीतील वर्णभावनेचा एक पुरावा होय.

अनुल्लेखाची कारणे

या अनुल्लेखाची दोन कारणे संभवतात. पहिले इतिहासलेखनातील आहे. बखरींत ‘शिद्दी’ येतो तो स्वराज्याचा शत्रू म्हणून. शिवाजी महाराजांना जंजिरा घेता आला नाही. संभाजी महाराजांनी १६८२ मध्ये समुद्रात भराव घालून तो घेण्याचा प्रयत्न केला. या संघर्षाच्या कथनात सिद्दीचे शौर्य आणि क्रौर्य दोन्ही येतात. परंतु तो किंवा त्याचे पूर्वज या किनाऱ्यावर कोणत्या परिस्थितीत आले, हा प्रश्न येत नाही.

दुसरे कारण वैचारिक आहे. दलित साहित्यविचाराला पीडिताशी नाते जोडावयाचे होते, आणि जंजिऱ्याचा नवाब हा सत्ताधीश होता. चिटणीस घराण्याच्या परंपरेनुसार बाळाजी आवजींच्या पित्याला सिद्दीने मारविले आणि कुटुंबाला गुलाम म्हणून विकण्यासाठी धाडले. ही कथा ग्राह्य धरली, तर गुलामांचा वारसा सांगणारी सत्ता स्वतःच माणसे विकत होती, असे म्हणावे लागते. अशा समाजाला ‘पीडित’ या एकाच साच्यात बसविता येत नाही. परंतु साच्यात न बसणे हे विचार टाळण्याचे कारण होऊ शकत नाही. शिवाय सर्व सिद्दी नवाब नव्हते. उत्तर कन्नड जिल्ह्याच्या जंगलपट्टीत राहणारे, कोकणीशी जवळचे नाते असलेली बोली बोलणारे सिद्दी दीर्घकाळ मोलमजुरीवर जगले. २००३ साली त्यांचा समावेश अनुसूचित जमातींत झाला. ‘सिद्दी’ या एकाच नावाखाली राजवाडा आणि मजुराची झोपडी असे दोन्ही अनुभव सामावलेले आहेत.

वर्ण, वंश आणि जात

येथे एक संज्ञाविषयक अडचण उद्भवते. मराठीत ‘वर्ण’ म्हणजे रंग आणि ‘वर्ण’ म्हणजे चातुर्वर्ण्यातील श्रेणी. त्यामुळे ‘वर्णभेद’ हा शब्द दक्षिण आफ्रिकेविषयी बोलताना एक अर्थ देतो आणि चवदार तळ्याविषयी बोलताना दुसरा. या द्व्यर्थाने दोन अन्यायांतील साम्य सूचित केले हे खरे. पण दोन्ही एकरूप आहेत असा भ्रमही निर्माण केला. आंबेडकरांनी १९३६ च्या ‘ॲनिहिलेशन ऑफ कास्ट’ मध्ये जातिभेद हा वंशभेद नव्हे, असे स्पष्टपणे प्रतिपादले होते. म्हणजेच निग्रो आणि दलित यांचे नाते रक्ताचे नसून अनुभवाचे आणि संघर्षाचे आहे. ‘गुलाम’ या शब्दाचेही तसेच आहे. दख्खनमधील लष्करी गुलाम मलिक अंबरप्रमाणे राज्याचा सूत्रधार होऊ शकत होता. अमेरिकेतील मळ्यावरील गुलामी वंशपरंपरागत होती आणि कायद्याने त्वचेच्या रंगाशी जखडलेली होती. शब्द एक असला तरी संस्था भिन्न होत्या.

अभ्यासमंडळांपुढील प्रश्न

उपरोक्त विवेचनाच्या आधारे महाविद्यालयीन अभ्यासमंडळांना, विशेषतः किनारपट्टीवरील मंडळांना, तीन प्रश्न हाती घेता येतील. बखरी, पोवाडे आणि ऐतिहासिक कादंबऱ्या यांतील हबशी पात्रांचे चित्रण कोणत्या विशेषणांनी घडते? ‘हबशी’, ‘शिद्दी’, ‘हबसाण’ या शब्दांचे स्थानिक बोलीतील अर्थ कोणते, आणि ते कोण कोणाविषयी वापरतो? आणि या चर्चेत मुरुड-राजपुरीतील सिद्दी कुटुंबांतील व्यक्ती वक्ते म्हणून सहभागी होतात, की केवळ विषय म्हणून?

तिसरा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा होय. ‘अस्मितादर्श’च्या मेळाव्यांचे खरे योगदान निग्रो साहित्याच्या परिचयात नसून, ज्यांच्याविषयी बोलले जाई त्यांनी स्वतः बोलावे, या आग्रहात होते. तोच आग्रह जंजिऱ्याच्या बाबतीत धरला गेल्यास, अमेरिकेच्या आरशात पाहत सुरू झालेली मराठी चर्चा आपल्याच किनाऱ्यावरील माणसांपर्यंत पोहोचेल. तोवर वंशभेद हा दूरदेशीचा प्रश्न आहे, हा मराठी वाचकाचा समज अबाधित राहील. आणि अंगणातल्या मुलाला ‘हबशी’ म्हणून हिणविणारा शब्दही.