वादळवाऱ्याचा पाहुणा : मास्क्ड बूबी

कोपरीच्या पूर्वेस ठाण्याची खाडी पसरली आहे. हिवाळ्यात तेथील चिखलपट्ट्यांवर कुरवांचे थवे उतरतात. पावसाळा लागण्यापूर्वी ते बहुतेक सारे उत्तरेकडे परततात. म्हणून ऐन आषाढात खाडीकाठी किंवा एखाद्या इमारतीच्या आवारात बदकाहून मोठा, पांढरा-काळा पक्षी थकून बसलेला आढळल्यास त्यास घाईने कुरव समजू नये. तो भर समुद्रातून वाऱ्याने लोटला गेलेला मास्क्ड बूबी असू शकेल. मोसमी वाऱ्यांच्या दिवसांत हे पक्षी कोकण किनाऱ्यावर अधूनमधून असे येऊन पडतात.

उष्ण कटिबंधातील महासागर हे याचे घर. अरबी समुद्रापलीकडे ओमानजवळच्या बेटांवर तो जमिनीवरच अंडी घालतो. माणसाचे भय ठाऊक नसल्याने तो खलाशांच्या हाती सहज लागे. त्यावरून 'मूर्ख' या अर्थाच्या स्पॅनिश शब्दापासून त्याला बूबी हे नाव पडले. नाव ठेवणाऱ्यांनी उडत्या माशांवर उंचावरून मारलेला त्याचा सूर पाहिला नसावा!

याची लांबी सुमारे ८० सेंटिमीटर, तर पंखांचा विस्तार दीड मीटरहून अधिक असतो. प्रौढ पक्ष्याचे अंग शुभ्र, पंखांची मागील कड व शेपटी काळी आणि चोचीच्या मुळाशी काळसर कातडीचा मुखवटा असतो. चोच पिवळसर व भाल्यासारखी सरळ असते. कुरवाची टोकाशी वाकलेली असते. अल्पवयीन पक्ष्याचे डोके व पाठ तपकिरी, परंतु मानेमागे पांढरा पट्टा असतो. याच्याच कुळातील तपकिरी बूबीला हा पट्टा नसतो. पायाची चारही बोटे पडद्याने जोडलेली असतात, बदकाची तीनच.

सर्वांत महत्त्वाची खूण मात्र जवळून पाहिल्यावरच कळते. याच्या चोचीवर उघड्या नाकपुड्या नसतात. सूर मारताना पाणी आत शिरू नये, यासाठी त्या बंद झालेल्या आहेत व पक्षी तोंडाच्या कडेने श्वास घेतो. चोचीच्या कडा करवतीप्रमाणे दातेरी असल्याने ती दोऱ्याने बांधून टाकावी असे पकडणाऱ्यास वाटते. तसे केल्यास पक्षी गुदमरतो.

त्याच्या अंगावर जाडसर कापड टाकावे, चोच आपल्या डोळ्यांपासून दूर ठेवावी आणि त्यास भोके पाडलेल्या खोक्यात, अंधाऱ्या जागी ठेवावे. तोंडात पाणी वा दूध ओतू नये. पाण्यातला पक्षी म्हणून पुन्हा खाडीत सोडण्याचाही प्रयत्न करू नये. थकलेला पक्षी तेथे तगत नाही. वनविभागास १९२६ या क्रमांकावर तत्काळ कळवावे.